चोरासाठी लिहिलेलं वाक्य

‘डिव्हाइस रीस्टार्ट झाल्यावर पॅटर्न आवश्यक आहे.’

सहा शब्द. सोमवारी पहाटे पावणेसहाला आईने मला उठवून ते मोठ्याने वाचून दाखवले. मी पांघरुणातूनच म्हटलं, ‘मग काढ ना पॅटर्न.’ ती म्हणाली, ‘काढतेय. घेतच नाहीये तो.’

पुस्तकांवर, सिनेमांवर, वेब सिरीजवर आपण भरपूर लिहितो. पण फोन बंद होऊन चालू झाला की प्रत्येक वेळी समोर येणारं हे वाक्य कुणी वाचायला घेत नाही. आपण ते ओलांडून जातो. ते नीट वाचायची वेळ फक्त अशा माणसावर येते, ज्याला ते ओलांडता येत नाही. आमच्या घरात ती आईवर आली, आणि ती माझ्यामुळे आली. त्यामुळे पुढचं लिखाण तटस्थ समीक्षकाचं आहे असं समजू नका.

आधी काय झालं ते सांगतो. आम्ही बदलापूर गावात राहतो. स्टेशनच्या पश्चिमेला, उल्हास नदीकडच्या अंगाला जे जुनं गाव आहे, तिथे. (महाराजांच्या काळात इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं गावातलं कुणीही तुम्हाला सांगेल.) मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, ऑफिस ऐरोलीला. घरातल्या सगळ्या फोनांचा डॉक्टर मीच. चुलतभावाचा मुलगा रविवारी आमच्याकडे असतो आणि आईच्या फोनवर गेम खेळतो. त्याला तिचा पॅटर्न पाठ झाला होता. त्या रविवारी संध्याकाळी आईने वैतागून स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन पॅटर्न बदलला. मला न विचारता. याचा तिला केवढा अभिमान! ती पॅटर्नला ‘रेघ’ म्हणते. ‘नवी रेघ घातली, आता बघू कसा उघडतो ते.’ रेघ दोनदा काढून घेतली फोनने, मग संध्याकाळभर तिने तो बोटानेच उघडला. रात्री अकराला मी तिचा फोन चार्जिंगला लावायला घेतला तर वर अपडेटची सूचना लोंबत होती. दहा-बारा दिवस ती बोटाने बाजूला सारत होती. मी ‘आता इन्स्टॉल करा’ दाबलं आणि झोपलो.

सकाळी फोनला नवी रेघ हवी होती. आईच्या बोटांना जुनी येत होती.

हे असं का होतं ते थोडं तांत्रिक आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. आपल्याला वाटतं की बोट ही एक किल्ली आणि पॅटर्न ही दुसरी किल्ली, दोन्ही एकाच कुलुपाच्या. तसं नाही. आजच्या अँड्रॉइड फोनमधली तुमची सगळी माहिती कूटलिपीत साठवलेली असते, आणि ती उलगडणारी किल्ली तुमच्या पॅटर्नमधून किंवा पिनमधून, फोनमधल्या एका सुरक्षित चिपच्या मदतीने तयार होते. फोन चालू केल्यावर तुम्ही पहिल्यांदा पॅटर्न काढता तेव्हा ही किल्ली तयार होते आणि फोन चालू असेपर्यंत मेमरीत राहते. त्यानंतर बोट लावलं की ते फक्त एवढंच सांगतं, ‘होय, तोच माणूस आहे, पडदा बाजूला करा.’ बोट म्हणजे दारावरचा वॉचमन; तिजोरी त्याच्याकडे नाही. अपडेट झालं की फोन रीस्टार्ट होतो. रीस्टार्ट झाला की मेमरी पुसली जाते. वॉचमन आहे तिथेच आहे, पण आत उघडं असं काही राहिलेलं नाही.

याचा एक विचित्र परिणाम त्या सकाळी दिसला. साडेपाचचा गजर नेहमीसारखा झाला होता. साडेसातला फोन वाजलासुद्धा. पण पडद्यावर नुसता नंबर, नाव नाही. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, फोन आपली माहिती दोन कप्प्यांत ठेवू शकतो. एक कप्पा कुलूप उघडण्याआधीही चालतो, त्यात गजर आणि कॉल येण्यापुरती व्यवस्था असते. दुसरा कप्पा तुमचा, तो बंद. संपर्कांची यादी दुसऱ्या कप्प्यात. त्यामुळे आईच्या सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी तिचाच फोन तिला सांगत होता की कोण आहे माहीत नाही. आई म्हणाली, ‘हा तर मलाच ओळखत नाहीये, हिला काय ओळखणार!’ तिने फोन उचलला आणि आवाजावरून ओळखलं.

आता वाक्याकडे येतो.

पहिला शब्द ‘डिव्हाइस’. आमच्या घरात, गल्लीत, बदलापूर-सीएसएमटी लोकलच्या कुठल्याही डब्यात, हातातल्या वस्तूला डिव्हाइस म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. ती वस्तू फोन असते, मोबाइल असतो, आईसाठी नुसतं ‘माझं’ असतं (‘माझं कुठे ठेवलंस?’). हा शब्द इंग्रजीतून उतरलाय, आणि इंग्रजीत तो आलाय कारण तेच वाक्य टॅबलेटवरही चालावं. म्हणजे लिहिणाऱ्याने आपली सोय पाहिली.

‘रीस्टार्ट झाल्यावर’. झाल्यावर! जणू तो आपोआप झाला. पाऊस पडल्यावर, सूर्य मावळल्यावर, डिव्हाइस रीस्टार्ट झाल्यावर. अपडेट नावाची गोष्ट कुणीतरी पाठवली, कुणीतरी (मी) दाबली, म्हणून फोन रीस्टार्ट झाला, हे या वाक्यात कुठेही नाही. आईला तर ‘अपडेट’ आणि ‘रेघ मागणं’ यांचा संबंध मी सांगेपर्यंत माहीतच नव्हता. तिला वाटलं की नवी रेघ घालताना आपण काहीतरी बिघडवलं.

आणि ‘आवश्यक आहे’. कुणाला आवश्यक आहे? मराठीत ‘हवं’ म्हटलं की कुणाला हवं ते लगेच विचारता येतं. ‘आवश्यक आहे’ म्हटलं की विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं. हे नगरपरिषदेच्या फळ्यावरचं, रेशन दुकानाच्या भिंतीवरचं मराठी आहे: आधार कार्ड आवश्यक आहे, दोन झेरॉक्स आवश्यक आहेत. बोलणारा नाही, ऐकणारा नाही, फक्त अट आहे. का आवश्यक आहे, नसल्यास काय होईल, कालपर्यंत चालणारं बोट आज का चालत नाही, यातलं एकही अक्षर नाही.

पाच वेळा चुकल्यावर फोनने तीस सेकंद थांबायला सांगितलं. नंतर थांबणं वाढत गेलं. आई त्या आकड्यांचे सेकंद उलटे पळताना बघत बसली होती. आंघोळीचं पाणी गार झालं.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कुलूप बरोबर आहे. ते इतकंच कडक असलं पाहिजे. 2015 च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत गोळीबार झाला, चौदा माणसं गेली. हल्लेखोराच्या आयफोनचा पासकोड कुणालाच माहीत नव्हता. 2016 च्या फेब्रुवारीत एफबीआयने कोर्टाकडून ॲपलला आदेश मिळवला: या फोनसाठी एक वेगळं सॉफ्टवेअर लिहून द्या, ज्याने चुकीच्या प्रयत्नांवरची बंधनं निघून जातील. म्हणजे सरकारला हवं होतं ते एक अपडेटच होतं, फक्त उघडणारं. ॲपलने नकार दिला. एकासाठी केलेली अशी किल्ली सगळ्यांसाठी होते, हा त्यांचा युक्तिवाद होता. शेवटी मार्चमध्ये एफबीआयने बाहेरच्या कुणाकडून तरी तो फोन उघडून घेतला आणि खटला मागे घेतला. माझं मत तेव्हाही कंपनीच्या बाजूचं होतं, आजही आहे. जे कुलूप एफबीआयसाठी उघडत नाही ते माझ्या आईसाठीही उघडणार नाही, कारण तिला ओळखायचा त्याच्याकडे दुसरा मार्गच नाही. गणिताला आई कळत नाही, रेघ कळते.

म्हणून माझी तक्रार कुलुपावर नाही, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे. ते वाक्य चोराला उद्देशून लिहिलंय. चोराला कारण सांगायचं नसतं, धीर द्यायचा नसतं, सूचना तर अजिबात द्यायची नसते. अट सांगितली की झालं. पण चोर ते वाक्य कितीदा वाचतो आणि मालक कितीदा? आईने त्या सोमवारी ते चाळीस वेळा तरी वाचलं असेल.

शिवाय चिठ्ठी चुकीच्या वेळी लावलेली आहे. माझ्या मते सगळ्यात मोठा दोष हा. रात्री अकरा वाजता फोनला सगळं माहीत होतं. पॅटर्न पाच तासांपूर्वी बदललाय हे माहीत होतं. त्यानंतर तो एकदाही काढलेला नाही, बोटच वापरलंय, हे माहीत होतं. आपण आता रीस्टार्ट होणार आणि मग बोट चालणार नाही, हेही माहीत होतं. अँड्रॉइड एरवी तीन दिवसांतून एकदा तरी बोट नाकारून पॅटर्न मागतं. लोकांना तो त्रास वाटतो, पण त्याने रेघ हातात टिकून राहते. आईच्या नव्या रेघेला ते तीन दिवस मिळालेच नाहीत. दाबण्याआधी, बोट चालत असताना, मला फक्त एवढं विचारायला हवं होतं: ‘नवी रेघ एकदा काढून दाखवा.’ मी आईला हाक मारली असती. तिला तेव्हा आठवली असती.

हे काही अशक्य कोटीतलं नाही. आयफोन अपडेट बसवण्याआधी पासकोड मागतो. आणि 2023 मध्ये आलेल्या आयओएस 17 मध्ये तर अशी सोय आहे की पासकोड बदलल्यावर बहात्तर तासांपर्यंत जुना पासकोड देऊन नवीन ठेवता येतो. म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी मीटिंगमध्ये, कुणीतरी माझ्या आईसारख्या बाईचा विचार केला होता. कुलूप तेवढंच मजबूत राहिलं, फक्त माणूस काल बदललेलं आज विसरू शकतो हे हिशेबात धरलं गेलं. ही सोय वाचली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. राग आला.

ॲपलची स्तुती झाली म्हणून दुसरी बाजूही सांगतो. 2015 च्या सुमाराला काही आयफोन अपडेट करताना कायमचे बंद पडू लागले. ज्यांचं बोटाचं बटण बाहेरच्या दुकानात बदललं होतं, त्यांचे. त्यांना मिळालेला मजकूर म्हणजे एक आकडा: एरर 53. बस. आमच्या ‘आवश्यक आहे’ला निदान क्रियापद तरी आहे. कंपनीने आधी त्याला सुरक्षेची तरतूद म्हटलं, मग माफी मागून दुरुस्ती पाठवली. ऑस्ट्रेलियात बाहेरून दुरुस्ती केली म्हणून ग्राहकांना मदत नाकारल्याबद्दल तिथल्या कोर्टाने 2018 मध्ये ॲपलला 90 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्या खटल्यातल्या ग्राहकांचा आकडा किमान 275 होता. आईने दाद मागायची तर कुणाविरुद्ध? तिच्या फोनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. सगळं जसं लिहिलं होतं तसंच चाललंय.

मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि आम्ही उल्हासनगरला गेलो. दोन स्टेशनं. उल्हासनगरात काय दुरुस्त होत नाही? लहानपणापासूनचा तो विनोद तुम्हाला माहीत असेल, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. कॅम्पातल्या एका छोट्या दुकानात पोरगा मायक्रोस्कोपखाली कुणाचा तरी बोर्ड सोल्डर करत होता. त्याने फोन हातात घेतला, मॉडेल पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘आंटी, खुल जाएगा. पर अंदर का कुछ नहीं बचेगा. सोच लो.’

सोमवारपासून आम्ही वाचलेल्या आणि ऐकलेल्या सगळ्या मजकुरात हा सर्वांत चांगला होता. अपडेटच्या सूचनेत ‘सुरक्षितता आणि स्थिरतेत सुधारणा’ होत्या. कंपनीच्या मदत केंद्राच्या उत्तरात ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ होती आणि फॅक्टरी रीसेटच्या आठ पायऱ्या होत्या. सगळं पुसलं जाईल हे सातव्या पायरीत. या पोराने कुणाशी बोलतोय ते आधी ठरवलं, काय होईल ते सांगितलं, काय जाईल ते सांगितलं, आणि निर्णय जिचा होता तिच्या हातात दिला. पैसे तर आत्ताच घेता आले असते. आईने फोन परत पर्समध्ये ठेवला आणि ‘सोचते’ म्हणाली.

गाडीत मला माझंच काम आठवत होतं. मीही असली वाक्यं लिहितो. लॉगिन अयशस्वी, सत्र समाप्त, पुन्हा प्रयत्न करा. इंग्रजीत लिहितो, रिलीजच्या आदल्या रात्री, कोडमध्ये जिथे जागा असेल तिथे. मग ती वाक्यं एका लांबलचक तक्त्यात जातात आणि भाषांतरकाराकडे पोचतात. त्याला पडदा दिसत नाही, वाचणारा घाबरलाय की कंटाळलाय ते दिसत नाही. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजवा रकाना रिकामा. तिथे ‘रिक्वायर्ड’चं ‘आवश्यक आहे’ होणारच. मी त्याला दोष देणार नाही. पण त्या तक्त्यात अजून एक रकाना असू शकतो हे मला पाच वर्षांत सुचलं नव्हतं: हे वाक्य कुणाला, कुठल्या वेळी दिसेल? परवा टीममध्ये मी तो मांडला. चांगली कल्पना आहे, पुढच्या तिमाहीत बघू, असं ठरलं.

आई कशाबद्दल ‘सोचते’ म्हणाली, ते अजून सांगितलं नाही.

तिची एक काकू आहे, वांगणीकडे राहते. आम्ही तिला मोठीआई म्हणतो. मोठीआई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गायचा असतो, आणि तो गाणारी बाई फक्त गाणारी नसते, ती लग्न लावते. तिचं गाणं पुढे सरकल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आता आमच्याकडच्या लग्नांत डीजे असतो, हॉल तासावर घेतलेला असतो, धवलारिणीला वीस मिनिटं मिळतात. मोठीआईने कधी काही लिहून ठेवलं नाही; तिला लिहिता येत नाही. दोन उन्हाळे आई तिच्याकडे जाऊन बसली आणि फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर तिने एकतीस रेकॉर्डिंगं केली. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवली नाहीत, ‘लोक हसतात’ म्हणून. गूगलची फुकटची 15 जीबी जागा गुड मॉर्निंगच्या फोटोंनी कधीच भरलेली, त्यामुळे बॅकअप बंद. तसा इशारा येत होता म्हणे. तोही ती बोटाने बाजूला सारत होती. आणि मी, घरातला डॉक्टर, दोन वर्षांत एकदाही बघितलं नाही.

‘परत गाऊन घेऊ’ असं मी म्हटलं. आम्ही गेलो. मोठीआईने हसत हसत ऐकून घेतलं, एवढीशी रेघ विसरली म्हणून आईला चिडवलं. मग गायला बसली. दोन धवले झाले, तिसऱ्यात थांबली. ‘आता दम पुरत नाय गं,’ म्हणाली. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी रेकॉर्डिंग बंद केलं. बोलण्यात मोठीआईने एका धवल्याचं नाव काढलं, तो तुझ्याकडे आहे ना, म्हणून विचारलं. आई ‘आहे’ म्हणाली. खोटं नव्हतं ते.

आई आता नवा फोन वापरते, सिम त्यात आहे. त्याचा बॅकअप चालू आहे, मी दर रविवारी बघतो. जुना फोन तिने रीसेट करू दिला नाही. तो तिच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या खणात, चार्जरला लावलेला असतो. नऊ ठिपक्यांतून किती रेघा निघतात ते तिने मला विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं: तीन लाख एकोणनव्वद हजार एकशे बारा. ती म्हणाली, एवढ्या नाही, मी वरून सुरू केली होती आणि कुठेतरी तिरकी गेले होते हे नक्की. तिने एक शंभर पानी वही घेतली आहे. पानावर नऊ ठिपक्यांचे चौक आखलेत, रांगोळीला काढतो तसे. देवापाशी दिवा लावून झाला की एक रेघ वहीत काढते, मग फोनवर काढते. चुकली की वहीतल्या चौकावर फुली. आता एका चुकीनंतर फोन बराच वेळ थांबवतो, म्हणून रोज एकच.

गजर मात्र बंद करता येत नाही. म्हणजे वाजल्यावर थांबवता येतो, त्याला रेघ लागत नाही; पण कायमचा काढायचा तर आत जावं लागतं. त्यामुळे रोज पहाटे साडेपाचला कपाटातून तो वाजतो, आणि आई उठून जाऊन थांबवते.